उतराई व्हायची घाई

ताई, सप्रेम नमस्कार.

काही महिन्यांपूर्वी मी आणि बाबा रात्रीच्या गाडीनं निघालो होतो. मध्यरात्रीनंतर बाबांना अचानक रक्ताची उलटी झाली. मी ओरडले, डबा जागा झाला, पण पुढे आला तो एकच. समोरच्या वरच्या बर्थवरचा, तिशीतला असेल. त्यानं बाबांना कुशीवर वळवलं, तपासनीसाला शोधून आणलं आणि पुढच्या स्टेशनवर आमच्याबरोबर उतरला. त्याला तिथं उतरायचं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये पहाटेपर्यंत थांबला, औषधं आणली, रक्त लागेल म्हटल्यावर रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आला. सकाळी मी सह्या करून बाहेर आले तर तो गेलेला. नाव विचारायचंही मला सुचलं नव्हतं. त्याचा स्वेटर तेवढा बाबांच्या अंगावर राहिला.

बाबा आता ठणठणीत आहेत, पण माझ्या जिवाला स्वस्थता नाही. कुणाचं तरी देणं बुडवून बसल्यासारखं वाटतं. भावाला पाठवायला मी बाबांचा एक फोटो काढला होता, त्यात मागे तो अर्धवट दिसतो. तो फोटो सोशल मीडियावर टाकून शोधावं का? भाऊ म्हणतो, ‘सोड गं, फुकट कुणी काही करत नाही. त्याला पुण्य हवं होतं, ते मिळालं.’ हे ऐकलं की डोकं फिरतं. तेव्हापासून मी दिसेल त्याच्या मदतीला धावते. परवा एका आजींची जड पिशवी घ्यायला गेले. त्या ‘नको’ म्हणाल्या आणि मला त्यांचा चक्क राग आला. मग स्वतःचीच भीती वाटली. आणि त्या डब्यातल्या बाकीच्यांवरचा रागही जात नाही. एवढी माणसं होती, तो एकटाच का उठला? याची परतफेड मी कशी करू?

– तुमची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

बाबा बरे आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. तुम्ही त्या मुलाबद्दल लिहिलंत, भावाबद्दल, आजींबद्दल, डब्यातल्या लोकांबद्दल लिहिलंत. त्या रात्री तुमचं काय झालं, त्यानंतर तुम्हाला झोप लागते का, याबद्दल मात्र पत्रात एक ओळ नाही. त्याकडे मी येणार आहे, पण आधी त्या आजी. कारण खरी गाठ तिथं बसली आहे आणि ती तुमची तुम्हालाच दिसली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पिशवी आजींची होती, पण ती उचलण्याची गरज तुमची होती. त्यांनी नकार दिला तेव्हा तुमच्या हातून काहीतरी निसटलं म्हणून तुम्ही चिडलात. त्या क्षणी त्या तुमच्यासाठी आजी राहिल्याच नव्हत्या, कर्जाचा हप्ता भरण्याची खिडकी झाल्या होत्या आणि ती खिडकी तोंडावर बंद झाली. तुम्ही वाईट आहात असा याचा अर्थ नाही. परतफेडीचं भूत मानगुटीवर बसलं की समोरचा माणूस दिसेनासा होतो, एवढंच. त्या मुलाला तो दिसला होता. म्हणून मला वाटतं, तुम्ही ज्या रस्त्यानं उतराई व्हायला निघाला आहात, तो तुम्हाला त्याच्यापासून लांब नेतो आहे.

ओळखीच्या माणसांत आपण सगळे मनातल्या मनात हिशेब ठेवतो, आणि त्यात काही वावगं नाही. आज तिनं माझं मूल सांभाळलं, उद्या तिच्या आईच्या आजारपणात मी रात्री जागेन. या देवघेवीवर नाती टिकतात. पण त्या हिशेबाला ‘उद्या’ लागतो. तुमच्यात आणि त्याच्यात उद्या नव्हताच. तो बर्थवरून खाली उतरला तेव्हा त्याला ते ठाऊक होतं. तुम्ही त्याच्या कधी उपयोगी पडणार नव्हता, त्याची ओळख सांगणार नव्हता, बहुधा पुन्हा दिसणारही नव्हता. तरी तो उतरला. जी गोष्ट परत मिळण्याच्या हिशेबाबाहेर दिली गेली, ती तुम्ही आत ओढून आणून वहीत मांडायला बसलात तर रक्कम लागणार कशी?

मिंधेपणा मला माहीत आहे. ज्यानं केलं तो आयुष्यभर ऐकवतो, चारचौघांत बोलून दाखवतो, तेव्हा माणूस मिंधा होतो. इथं तर देणारा निघून गेला. का गेला, यावर फार विचार करू नका. पुढची गाडी पकडायची असेल. कामावर हजर व्हायचं असेल. बाबा डॉक्टरांच्या हाती आहेत, मुलगी सावरली आहे, आता आपलं काम संपलं, असंही वाटलं असेल. त्याला देवदूत करू नका. देवदूताची परतफेड कुणालाच जमत नाही, मग आपण जन्मभर अपराधी राहतो. तो एक माणूस होता आणि त्यानं एक रात्र दिली. ती पूर्ण होती. तुमच्या फेडीवाचून ती अपुरी राहिलेली नाही.

पैशांचं मात्र मी वेगळं काढते. औषधांचे पैसे हे साधं देणं आहे, त्यात भावना मिसळू नका. तो सापडला तर विचारा. घेतले तर छान, ‘नको’ म्हणाला तर पुन्हा आग्रह करू नका. नाहीच सापडला तर तेवढेच पैसे त्याच हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या औषधांसाठी द्या. एकदाच. दरवर्षी त्या तारखेला नाही, वाढवून नाही. आणि स्वेटर बाबांना वापरू द्या. थंडी वाजत होती म्हणून त्यानं तो पांघरला, कपाटात देवासारखा ठेवण्यासाठी नाही. धुऊन, घडी करून ठेवलेला स्वेटर रोज तुमच्याकडे तगादा लावत असणार. बाबांच्या अंगात असला तर तो नुसता ऊब देईल.

आता भावाचं म्हणणं. ‘फुकट कुणी काही करत नाही’ हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की तपासून बघायचं राहून जातं. काही संशोधकांनी ते तपासलं आहे. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांच्या माणसांनी १७ हजारांहून अधिक पाकिटं बँका, नाट्यगृहं, वस्तुसंग्रहालयं, हॉटेलं, पोलीस ठाणी अशा ठिकाणी काउंटरवर नेऊन दिली. ‘रस्त्यात सापडलं, तुम्हीच बघा याचं काय ते’ एवढं सांगून ते निघून जात. पाकीट पारदर्शक होतं. आत मालकाची कार्डं, वाणसामानाची यादी, एक किल्ली. काहींत थोडे पैसे, काहींत नाहीत. आता ते मालकाला कळवायचं की नाही, हे बघायला कुणी नव्हतं. बिनपैशांच्या पाकिटांबद्दल सुमारे ४० टक्के लोकांनी मालकाला कळवलं. पैसे असलेल्या पाकिटांबद्दल सुमारे ५१ टक्के. तीन देशांत रक्कम बरीच वाढवून पाहिली, तर प्रमाण आणखी वाढून ७२ टक्क्यांवर गेलं. वेगळं विचारलं तेव्हा सर्वसामान्य लोकांचा अंदाज बरोबर उलटा होता: पैसे जितके जास्त तितकी पाकिटं गायब. म्हणजे तुमच्या भावासारखाच अंदाज बहुतेकांचा असतो, आणि तो चुकतो. उरलेल्यांनी कळवलं नाही, हेही खरंच. पण ‘कुणीच नाही’ हे मात्र खोटं.

भाऊ यावर म्हणेल, ‘त्यांनाही आतून बरं वाटावं म्हणूनच केलं असेल ना?’ हाही प्रश्न जुना आहे. डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञानं त्यात आयुष्याचा मोठा काळ घातला. १९८१ च्या त्याच्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना पडद्यावर एक तरुणी दिसत असे. तिला विजेचे झटके बसत आहेत असं भासवलं जाई आणि ती ते सोसू शकत नाही हे स्पष्ट दिसे. विचारणा अशी, की तिच्या जागी तुम्ही बसाल का? काहींना सांगितलेलं होतं की तुम्ही पुढचं पाहिलं नाही तरी चालेल, आत्ता उठून जाऊ शकता. बॅट्सनचा तर्क सरळ होता. आपल्याला होणारा त्रास टाळण्यासाठीच माणूस मदत करत असेल, तर दार उघडं असताना तो निघून जाईल. ज्यांना ती तरुणी आपल्यासारखी वाटली नव्हती, त्या बहुतेक निघून गेल्याही. पण ज्यांना ती अगदी आपल्यासारखी वाटली, तिच्याबद्दल आतडं तुटलं, त्या गटातल्या ९१ टक्के जणींनी दार उघडं असूनही तिची जागा घ्यायची तयारी दाखवली. यावर नंतर पुष्कळ वाद झाले, अजून होतात. माझ्यापुरतं मी इतकंच घेते: काहींना समोरच्याचं दुखणं थांबायला हवं होतं, स्वतःची अस्वस्थता नव्हे.

आणि समजा, त्या मुलाला सकाळी परतताना बरं वाटलं असेल. वाटू दे की! करून झाल्यावर बरं वाटणं आणि बरं वाटावं म्हणून करणं यात फरक आहे. दुसऱ्याचं भलं झाल्यावर ज्याला आनंद होतो त्याला स्वार्थी म्हणायचं, तर निःस्वार्थी म्हणायला कोरडा माणूसच शोधावा लागेल. भावाशी या विषयावर भांडू नका. कदाचित त्या रात्री आपण तिथं नव्हतो, आपल्या जागी एक परका होता, हे त्याला खुपत असेल. मला तसं वाटतं. ताडून तुम्ही बघा.

डब्यातल्या बाकीच्यांबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हा राग तुम्हाला आतून पोखरतो आहे. तुम्ही समजता तसे ते निर्दय नसावेत. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून माइकवरून बोलत आहेत आणि बोलता बोलता एकाला फिट येते, असा बनाव होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के त्याचा आवाज बंद पडण्याआधीच मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. पण माझ्या मनात राहिलं ते या आकड्यांच्या पलीकडचं. जे उठले नव्हते, ते मजेत बसले नव्हते. संशोधक आत आले तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते, ‘तो बरा आहे ना?’ असं ते विचारत होते. करावं की नाही, आपण करावं की दुसरं कुणी करेल, या घालमेलीत ते अडकून पडले होते.

त्याच डार्लीनं बॅट्सनबरोबर १९७३ मध्ये आणखी एक प्रयोग केला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधल्या, धर्मगुरू होऊ घातलेल्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात कोलमडून खोकत पडलेला. वेळ हाताशी होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. त्यांच्यातल्या काहींना भाषण कशावर द्यायचं होतं? वाटेत पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या वाटसरूच्या बायबलमधल्या गोष्टीवरच! घाईपुढे त्या विषयाचाही फारसा उपयोग झाला नाही.

म्हणून मी त्या डब्याकडे अशी बघते: झोपेतून दचकून उठलेली, एकमेकांच्या तोंडाकडे बघणारी, रक्त बघून घाबरलेली माणसं. आणि एकजण, ज्याचं बघणं थोडं आधी संपलं. एकदा एकजण हलला की बाकीच्यांना वाटतं, आता झालं, कुणीतरी आहे. तुम्ही त्या रात्री पाहिलं नसेल, पण कुणी पाण्याची बाटली पुढे केली असेल, कुणी वाट मोकळी केली असेल, कुणी तुमचं सामान दारापर्यंत आणून ठेवलं असेल. सामान खाली कुणी उतरवलं, हे तुम्हाला आठवतं का? तो मुलगा तर बाबांना धरून होता. अ‍ॅमस्टरडॅम, केप टाउन आणि लँकेस्टर या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं, तेव्हा १० पैकी ९ प्रसंगांत बघ्यांपैकी किमान एकजण तरी मध्ये पडलेला दिसला, आणि गर्दी जितकी जास्त तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त निघाली. आपण दगड झालो आहोत हे म्हणणं चित्रणातून तरी सिद्ध होत नाही.

यातून तुम्हाला पुढे उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगते. पुन्हा कधी मदत लागलीच, तर ‘कुणीतरी या’ असं ओरडू नका. एकाकडे बोट करा. ‘अहो, निळा शर्टवाले दादा, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा. ताई, तुम्ही यांचं डोकं धरा.’ नाव नसलेल्या हाकेला कुणीच ओ देत नाही. बोट केलेला माणूस मात्र बहुतेक वेळा उठतो, कारण आता ते काम त्याचं झालेलं असतं.

आता परत त्याच्याकडे येऊ. तुम्ही त्याला ‘मदत करणारा’ एवढ्या एका शब्दात बसवलं आहे. त्यानं नेमकं काय केलं ते तुम्हीच लिहिलेलं पुन्हा वाचा. बाबांना उताणं न ठेवता कुशीवर वळवलं. उलटी होणाऱ्या, गुंगी येत असलेल्या माणसाला कुशीवर ठेवलं तर तोंडातलं बाहेर पडतं, श्वासनलिकेत जात नाही. बाबा वाचले त्यात याचाही वाटा असू शकतो. मग त्यानं तपासनीस गाठला. एकट्यानं शौर्य गाजवत बसला नाही, ज्यांच्या हातात गाडी थांबल्यावर सोय करणं आहे त्यांना कामाला लावलं. हॉस्पिटलमध्ये ज्याची गरज होती ते केलं: औषधं, रक्त. तुम्हाला धीर द्यायला लांबलचक बोलला असता तर तुम्ही ते लिहिलं असतंत, तेव्हा बहुधा बोलला नसावा. आणि गरज संपल्यावर बाजूला झाला. त्याचं लक्ष आधीपासून शेवटपर्यंत बाबांवर होतं.

त्याच्यासारखं काही करावं असं वाटत असेल तर ही नजर घ्या. दिसेल त्याची पिशवी ओढू नका. ‘धरू का थोडा वेळ?’ एवढं विचारा, आणि ‘नको’ आलं तर ‘बरं’ म्हणून पुढे चला. नको म्हणण्याचा हक्क ज्या मदतीत नाही, ती मदत घेणाऱ्याला जड जाते. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, प्रौढ माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब कसे द्यायचे. हे हातांना एकदा शिकवून ठेवलं की घबराटीतही हात चालतात. तब्येत साथ देत असेल तर रक्तदान करा. पण यातलं काहीही हप्ता म्हणून नको.

याबाबतीत मला ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन आठवतात. चौदाव्या वर्षी त्यांच्या छातीवर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि परक्या माणसांनी दिलेल्या रक्तावर ते वाचले. कोण होते ते लोक, त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये ते स्वतः रक्त द्यायला लागले. पुढे असं दिसलं की त्यांच्या रक्तद्रवात अँटी-डी ही दुर्मीळ प्रतिपिंडं भरपूर आहेत. आईचं रक्त आरएच निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचं पॉझिटिव्ह असेल तर आईचं शरीर बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करू शकतं; ते टाळणारं इंजेक्शन या प्रतिपिंडांपासून बनतं. हॅरिसन यांनी १,१७३ वेळा दान केलं. त्यातून २४ लाख बाळांना संरक्षण मिळालं असा तिथल्या रक्तसेवेचा अंदाज आहे. सुईची त्यांना इतकी धास्ती, की ती टोचताना ते कधी बघत नसत. २०१८ मध्ये ते थांबले, तेही वयाची मर्यादा आली म्हणून. ज्यांनी वाचवलं त्यांची तर फेड कधीच झाली होती, पण फेड झाली म्हणून थांबण्याचा विचार त्यात नव्हताच. समोर गरज होती, आपल्याजवळ ते होतं. २०२५ मध्ये ८८ व्या वर्षी ते गेले. ज्या आयांची बाळं वाचली, त्यातल्या कितीतरी जणींना त्यांचं नावही माहीत नसावं.

आणि आता तुम्ही. मैत्रिणी, मला शंका येते की तुम्हाला छळतं आहे ते सगळंच ऋण नाही. त्या रात्री तुम्ही बाबांना गमावत होता. एकट्या होता, आणि भानावर येऊन घाबरायला वेळही मिळाला नाही, कारण सह्या करायच्या होत्या. ती भीती कुठे गेली? बाबा बरे झाले म्हटल्यावर घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तुम्हालाही रडायची मुभा उरली नाही. अशा वेळी भीती दुसऱ्या कुठल्या तरी नावानं वर येते. ‘मी त्याचं देणं बुडवलं’ हे त्यातलं एक नाव असू शकतं. झोप उडणं, त्या रात्रीची दृश्यं अचानक डोळ्यांपुढे येणं, गाडीचा आवाज नको होणं, असं काही आठवड्यांनंतरही होत असेल तर समुपदेशकाशी बोला. आणि आधी बाबांशी. ते त्या रात्री शुद्धीवर होते तितका वेळ त्यांना काय आठवतं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? मला वाटतं, तुम्ही दोघं एकमेकांना जपायच्या नादात गप्प आहात.

फोटोचं उत्तर स्पष्ट आहे: टाकू नका. त्या फोटोत बाबा त्यांच्या सर्वांत असहाय अवस्थेत आहेत. आणि तो मुलगा नाव न सांगता गेला आहे. तो त्या रात्री तिथं होता हे जगाला कळावं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा. त्याचं कौतुकच होईल, हे खरं. पण न मागितलेलं कौतुकही अंगावर येतं. उद्या त्याच्या दारात अनोळखी लोक येतील, कुणी त्याची जात-गाव शोधेल, कुणी ‘प्रसिद्धीसाठी केलं’ म्हणेल. गाडीच्या आरक्षण यादीत त्याचं नाव असणार, हेही तुमच्या मनात येऊन गेलं असेल. ओळखी वापरून ते काढू नका.

पण शोधूच नका असं मी म्हणत नाही. मागे या सदराला एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या एका मुलाला त्यांनी हॉस्पिटलमध्ये पोहोचवलं आणि ते कामावर गेले. पुढे काय झालं ते त्यांना कळलं नाही. त्यांना आभार नको होते. तो मुलगा जगला का, एवढंच त्यांना आयुष्यभर हवं होतं. तुमच्या त्या मुलालाही कधीतरी रात्री वाटत असेल, ‘त्या काकांचं काय झालं?’ हे उत्तर तुमच्याजवळ आहे. त्याला शोधायचं तर हिशेब चुकता करायला नको, ही बातमी पोहोचवायला शोधा.

आणि त्याला वाट आहे, तुमच्याच पत्रात. त्यानं त्या रक्तपेढीत रक्त दिलं, म्हणजे त्या रात्रीच्या नोंदीत त्याचं नाव आणि फोन आहे. ते तुम्हाला सांगणार नाहीत, सांगूही नये. पण तुमची चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोहोचवाल का, असं तुम्ही त्यांना विचारू शकता. कितीतरी देशांत मूळपेशी देणाऱ्या आणि घेणाऱ्या परक्या माणसांची पत्रं नोंदणी संस्थांमार्फत अशीच, नावं झाकून जातात. त्याला ओळख द्यायची असेल तर तो उत्तर देईल. नाही दिलं तर तेही त्याचं उत्तर समजा.

चिठ्ठी लिहिताना ‘शब्द तोकडे पडतील’ ही भीती तुम्हाला अडवेल. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच पाहिलं: आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटतं की वाचणारा अवघडेल, शब्दांत खोट काढेल, प्रत्यक्षात वाचणारे त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडतात आणि जास्त आनंदतात. तेव्हा अलंकारिक काही नको. मी लिहिली असती तर अशी:

‘त्या रात्री गाडीतून तुम्ही ज्यांच्याबरोबर उतरलात, ते माझे बाबा. ते बरे आहेत. चालतात, फिरतात, पेपर वाचून आमच्याशी वाद घालतात. तुमचा स्वेटर ते वापरतात. औषधांचे पैसे द्यायचे राहिले आहेत, कसे देऊ ते कळवलंत तर देईन. उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.’

खाली तुमचं नाव घाला. फोन नंबर लिहिलेला चालतो का, ते रक्तपेढीतल्या लोकांना आधी विचारून घ्या, आणि बाबांना सही करायची असेल तर तीही घ्या.